वरच्या गल्लीचा डबा

संयोगिताची पीएच.डी. इतकी वर्षं चालली होती, की राजारामपुरीतल्या तिच्या घरी आता 'काय करतेस' असं कुणी विचारत नसे, 'अजून चाललंच आहे का' असं विचारत. विषय मात्र सांगायला सोपा होता. एखादी वस्तू लोकांना आधी फुकट वाटली, तर पुढे ते ती विकत घेतात, की फुकटाची चटक लागून विकतची नको म्हणतात? या प्रश्नावरून जगभरचे अर्थशास्त्रज्ञ हातघाईवर आलेले आहेत. संयोगिताला त्यात कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगी या गावातर्फे आपलं म्हणणं मांडायचं होतं.

वस्तू ठरली नाचणीचा लाडू. कागलकडच्या बायकांचा एक बचत गट तो करायचा. गावाच्या वरच्या गल्लीत दर शनिवारी घरटी एक पुडा फुकट द्यायचा आणि खालच्या गल्लीत काहीच द्यायचं नाही. सहा महिन्यांनी फुकट वाटप बंद करायचं, दोन्ही गल्ल्यांच्या तोंडाशी बचत गटाचं टेबल मांडायचं आणि कोण किती विकत घेतं ते बघायचं. प्रयोगाला धोका एकच होता. वरचा लाडू खाली पोचता कामा नये. तो पोचला, की खालची गल्ली 'न खाल्लेली' राहत नाही आणि मग सगळंच मुसळ केरात.

पण हा धोका नाही म्हणूनच तर तिनं हे गाव निवडलं होतं. गणपतीच्या मिरवणुकीत कुणाचा ट्रॅक्टर पुढे, यावरून दोन्ही गल्ल्यांच्या मंडळांचं असं काही वाजलं होतं, की वरचा गडी खालच्या गल्लीतल्या सलूनमध्ये दाढीलाही जात नव्हता. एमआयडीसीत एकाच पाळीला जाणारे लोक, पण दोन वेगवेगळ्या स्टॉपवर उभे राहायचे. तिचे मार्गदर्शक विजयसिंह सर हे ऐकून खूश झाले. इतकं कडक भांडण आयतं मिळायला संशोधकाचं नशीब लागतं, असं ते म्हणाले.

वरच्या मंडळाचा अध्यक्ष ज्ञानू. त्याची बायको धोंडुबाई. पहिल्याच शनिवारी पुडे वाटून झाले आणि संयोगिता प्रश्न विचारायला खालच्या गल्लीकडे निघाली, तेव्हा धोंडुबाईनं तिची मोपेड अडवली. खाली चाललीच आहेस तर एवढा डबा बाळाबाईकडे दे, ती माझी सख्खी धाकटी बहीण, पण तिचा नवरा खालच्या मंडळाचा खजिनदार, आमचं जाणं-येणं बंद आहे, असं तिनं एका दमात सांगितलं. बहिणी फोनवर बोलायच्या, पण फोनमधून डबा कसा जाणार?

संयोगिताला अगदी भरून आलं. गावात जाऊन आधी लोकांचा विश्वास कमवा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि इथे विश्वास स्टीलच्या डब्यात घालून चालत आला होता. तिनं डबा मोपेडच्या हुकाला अडकवला. उघडून पाहिला नाही. दुसऱ्याचा डबा उघडायचा नाही, हे तिला आईनं लहानपणीच शिकवलं होतं.

पुढच्या शनिवारी बाळाबाईनं तोच डबा परत दिला, आणि तो चांगला जड लागत होता. रिकामा डबा परत धाडायची रीत नाही, हे संयोगिताला माहीत होतं. झालं, दर शनिवारी डबा खाली, डबा वर. ज्ञानूनं एकदा बघितलंही, पण मॅडमचा डबा मॅडमच्या गाडीला, त्यात तो काय बोलणार? संयोगितानं तर प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात 'संशोधक आणि समाज यांच्यातील विश्वासाचे नाते' म्हणून दोन पानं लिहिली आणि त्यात डब्याचा मोठ्या कौतुकानं उल्लेख केला.

सहा महिन्यांनी टेबलं मांडली गेली, शनिवारच्या खेपा चालूच राहिल्या आणि महिनाभरात निकाल असा लागला, की सर खुर्चीतून उठलेच. सहा महिने फुकट खाल्लेली वरची गल्ली टेबलाकडे फिरकेना. जिला काहीच मिळालं नव्हतं त्या खालच्या गल्लीनं मात्र टेबल साफ केलं. फुकट दिलं की मागणी मरते, हे गडमुडशिंगीनं सिद्ध केलं होतं. सरांनी शोधनिबंधाचं नावसुद्धा ठरवलं. सोमवारी समितीपुढे मांड, पुढच्या महिन्यात प्रबंध दाखल कर, असं ते म्हणाले. संयोगिताच्या आईनं त्याच संध्याकाळी शेजारी पेढे दिले.

एकच गोष्ट तिला टोचत होती. खालच्या गल्लीत एकीनंही 'कसा लागतो' म्हणून विचारलं नव्हतं. कोल्हापूरचं माणूस हातावर घेतल्याशिवाय शेंगदाणेसुद्धा विकत घेत नाही, आणि या बायका न चाखता पुड्यावर पुडे उचलत होत्या. शेवटच्या प्रकरणात एक वाक्य घालावं म्हणून शुक्रवारी ती बाळाबाईकडे गेली आणि चहा घेता घेता तिनं विचारलं, की हा लाडू तुम्ही पहिल्यांदा खाल्लात तरी कधी?

"कवा म्हंजे? पयल्याच शनवारी," बाळाबाई म्हणाली. "आक्कानं डबा धाडलावता की."

संयोगिताचा कप तोंडाशीच थांबला. "तो डबा कुणी आणला होता, मावशी?"

"कुनी म्हंजे? तूच की."

बाळाबाईला यात लपवण्यासारखं काहीच वाटत नव्हतं. डबा आला की ती गल्लीत घरोघर एकेक लाडू वाटायची. एकटीनं कसं खायचं? वरच्या बायकाही आपापल्या पुड्यातले चार-दोन लाडू धोंडुबाईच्या डब्यात टाकायच्या, कारण कुणाची चुलतबहीण खाली दिलेली, कुणाची मावशी. एवढ्या बायकांचं ओझं एका डब्यात मावेना, म्हणून मध्यंतरी डबा मोठा झाला होता. संयोगिताला आठवलं, हँडल एका अंगाला ओढायला लागल्यावर तिनं मोपेड गॅरेजमध्ये दाखवली होती.

"पण मग तुम्ही विकत एवढे का घेतले?"

"आता बग," बाळाबाई समजावणीच्या सुरात म्हणाली. "सा म्हैनं त्येंचं खाल्लं. मग तुमी त्येंचं फुकटचं बंद केलं. आता त्येंचा डबा आमी रिकामा धाडायचा व्हय?"

म्हणजे खालच्या गल्लीनं टेबल साफ केलं ते वरच्या गल्लीसाठी. आणि वरची गल्ली टेबलाकडे फिरकली नाही, कारण तिला खालून घरपोच लाडू मिळत होते. कुणाच्या मोपेडवरून, ते आता विचारायची गरज नव्हती.

परतताना गांधीनगरच्या रस्त्याला तिनं गाडी कडेला घेतली. तिला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्हींपेक्षा जास्त भीती वाटत होती. इतकी वर्षं गेली होती. पेढे वाटून झाले होते. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? बाळाबाई काही विद्यापीठात येऊन साक्ष देणार नव्हती. पण उद्या कुणीतरी तो निबंध वाचेल, फुकट दिल्यानं लोक बिघडतात असं म्हणेल आणि कुठल्यातरी अंगणवाडीतल्या पोरांचा लाडू बंद करेल. पुरावा काय, तर संयोगिताची मोपेड. तिला स्वतःची लाज वाटली, आणि मग गाडी सुरू करणं जमलं.

सोमवारी तिनं समितीपुढे सगळं सांगितलं. बाहेरून आलेल्या एक मॅडम आधी गंभीर राहिल्या, पण गॅरेजचा भाग आला तेव्हा त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. सर हसले नाहीत. तुला डबा न्यायला कुणी सांगितलं होतं, असं त्यांनी विचारलं, आणि तिसरं प्रकरण मी स्वतः वाचून चांगलं आहे म्हटलं होतं, हे आठवून ते आणखी चिडले. बऱ्याच वेळानं त्यांचा राग ओसरला. जे खोटं ठरलं ते काढून टाक आणि जे खरं घडलं तेच लिही, असं ते म्हणाले. लाडू कुठून कुठे गेला, का गेला, परत भरून का आला, हे सगळं नीट मांडायचं. पुन्हा घरोघर जाऊन विचारायचं. वर्ष जाईल. संयोगितानं मान हलवली. घरी कसं सांगायचं, ते मात्र तिला सुचलं नाही.

शनिवारी ती वरच्या गल्लीत पोचली ती पडक्या चेहऱ्यानं. धोंडुबाई दारातच उभी होती. तिनं काय झालं म्हणून विचारलं, आणि संयोगितानं सांगून टाकलं. शिक्षण लांबलं, आणखी एक वर्ष इथेच खेपा घालायच्या.

"अजून एक वरीस?" धोंडुबाईचा चेहरा असा खुलला, की संयोगिताला वाईटच वाटलं. "बरं झालं की, पोरी. तुजं शिक्षान संपत आलंय म्हनल्यापास्नं आमी दोगी भनी देवाला हात जोडून बसलुया."

"माझं संपावं म्हणून?"

"संपू नये म्हनून. तू यायची थांबलीस, तर माजी भन मला कुटनं भेटनार?"

सहा महिने आपण लाडवांचा हिशेब ठेवला आणि नेत होतो ते भलतंच, असं संयोगिताला वाटलं.

धोंडुबाई आत गेली आणि डबा घेऊन आली. तो गरम होता. संयोगितानं तो हुकाला अडकवला, पण आता ती पुरती सावध झाली होती. नव्या प्रकरणासाठी तिनं शास्त्राला धरून, रीतसर विचारलं, की यात काय आहे?

"तुला काय करायचंय?" धोंडुबाई म्हणाली. "तू निऊन दे."