तीन फायली बाजूला

दिव्यानीने पाच फायलींपैकी तीन निवडल्या आणि एंटर दाबलं. स्क्रीनवरच्या हिरव्या ओळी झटक्यात नाहीशा झाल्या. मागे उभे असलेले डोमाभाऊ खुर्चीच्या पाठीवर वाकले.

"कुठी गेलं ते?"

कुठेच नाही, तिने सांगितलं. मोहर्लीच्या जंगल सफारीच्या गाईडांच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम तिचाच. काल त्याने एकाच गाईडला दोन फेऱ्या दिल्या आणि सकाळी गेटवर अश्शी भांडणं जुंपली! ती चूक तिने दोन फायलींत दुरुस्त केली होती, ते लगेच पाठवायचं होतं. उरलेल्या तिन्हींत दुसरंच अर्धवट काम होतं. म्हणून कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटला सांगून तेवढंच स्टॅश केलं. फायली पहिल्यासारख्या झाल्या, केलेलं काम बाजूला राहिलं. बोलावलं की परत येतं.

डोमाभाऊंना भारी नवल वाटलं. तीस वर्षं वाघाचा माग काढलेला माणूस, दिसेनासं झालेलं असं सोडून देईल होय? किती दिवस राहते, दुसरं कोणी नेते का, विचारतच सुटले. मोहफुलाच्या ढिगावर फांदी ठेवली की कोणी हात लावत नाही, तसंच का? तसंच, ती म्हणाली. एरवी तिला त्यांचं विचारणं आवडायचं, आज नेमकं तेच नको होतं.

कारण बाजूला ठेवलेलं काम वयाच्या अटीचं होतं. साठीनंतर फेरी नाही, असं गाईडांच्या बैठकीत ठरून महिना झाला होता. एकसष्टावं लागलेल्या डोमाभाऊंनीही हात वर केला होता. प्रोग्राममध्ये झालं की लागू करायचं, म्हणून सगळे थांबले होते. दिव्यानीचं ते काम काही केल्या पुढे सरकत नव्हतं. खोटं कशाला, तिलाच ते सरकवायचं नव्हतं.

दुरुस्ती पाठवून झाल्यावर डोमाभाऊंनी बाजूला ठेवलेलं बघायला मागितलं. तिने यादी उघडली. एकच ओळ, तिनेच मराठीत लिहिलेली: वयाची अट. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"हे माह्यासाठी ठेवलं काय?"

अर्धवट होतं म्हणून, असं ती पुटपुटली.

"अन् साधनाले सांगितलं काय तू?"

साधना गाईडचं ट्रेनिंग करून दोन वर्षं जागा रिकामी व्हायची वाट पाहत होती. तोवर गेटजवळ चहाची टपरी चालवायची. दिव्यानी रोज दोनदा तिच्याकडे चहा घ्यायची, आणि तरी हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मले फेऱ्या पाह्यजेच पोरी," डोमाभाऊ म्हणाले. "जंगलाबिगर मी काय करू? पण तिची बी पाळी आहे. काढ ते. कसं वापस येते ते पाहू दे."

तिने काम परत आणलं. तिन्ही फायलींत जसंच्या तसं आलं, अर्धवट ते अर्धवटच. डोमाभाऊंनी समाधानाने मान हलवली.

"आज पुरं होते काय?"

"संध्याकाळपर्यंत होईल, भाऊ."

"मंग दुपारची फेरी मारून येतो," ते म्हणाले आणि निघाले.