हादऱ्यांसाठी जन्मलेला

मी एक ब्रॅकेट बोलतोय. उपग्रहाच्या पोटात बॅटरी घट्ट धरून ठेवायची, एवढंच आमचं काम. तेही माझ्या वाट्याला येणार नव्हतंच. ते माझा जुळा भाऊ करणार. मी जन्मलो तो त्याच्याऐवजी चाचणीचे हादरे खाण्यासाठी.

बेंगळुरूच्या पीण्या वसाहतीत शिवलिंगय्यांचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे धातूची पिठासारखी पूड पसरतात, लेसरने वितळवतात, पुन्हा पसरतात. असे हजारो थर चढून आम्ही दोघं एकाच थाळीवर उभे राहिलो. पूर्वी अकरा तुकडे जोडून जे व्हायचं, ते त्यांच्याकडच्या इंजिनिअर हेमावतीने एका तुकड्यात बसवलं, तेही निम्म्या वजनात. मोठमोठ्या कंपन्यांनी जे मनावर घेतलं नाही, ते सव्वीस वर्षांच्या मुलीने करून दाखवलं! शिवलिंगय्या येणाऱ्या-जाणाऱ्याला मला तळहातावर घेऊन दाखवायचे, "बघा हो, लाडवापेक्षा हलका!"

पण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. माझा डावा पाय घडत असताना वीज क्षणभर डळमळली. यंत्र थांबलं नाही, पण तेवढा एक थर कच्चा राहिला. शेजारी भाऊही घडत होता. त्याच्याही पायात, त्याच उंचीवर, तोच थर.

शुक्रवारी मला हादऱ्यांच्या टेबलावर आवळलं. आधी हलके हादरे, मग जबर, मग पुन्हा हलके. पहिल्या आणि शेवटच्या हादऱ्यांच्या रेषा पडद्यावर एकमेकींवर बसल्या, तर मी धड. सरकल्या, तर आत काहीतरी सुटलं.

"लवकर उरक, पुट्टस्वामी," शिवलिंगय्या घड्याळ बघत म्हणाले. "साडेदहाला राहुकाळ लागतो. पास झाल्याची सही त्याच्या आत झाली पाहिजे."

टेबल चालवणारा पुट्टस्वामी हसला. "सार, टेबलाला राहुकाळ कळत नाही."

"तुझ्या बायकोला कळतो ना? तिला विचारल्याशिवाय स्कूटर तरी आणलीस का?"

आणि जबर हादरे सुरू झाले. रॉकेट उडताना बसतील त्याहूनही मोठे. मला वर-खाली कळेना. ओरडायला तोंड नव्हतं, पळायला पाय बोल्टांनी जखडलेले. त्या कल्लोळात डाव्या पायात बारीकसं काहीतरी उसवलं. केसाएवढी भेग. कुणालाच ऐकू गेली नाही.

"रेषा चार टक्के सरकली," शेवटचे हलके हादरे संपल्यावर पुट्टस्वामी म्हणाला.

"पाचपर्यंत चालतं. हेमा, कर सही. दहा वीस झाले."

हेमावतीने पेनाचं टोपण काढलं. खरं सांगतो, मला वाटलं, कर बाई सही. सुटू दे मला. पण ती पडद्याकडेच बघत राहिली.

"सार, आधीच्या चार नमुन्यांची रेषा अर्धा टक्कासुद्धा हलली नव्हती. ह्याचीच का हलली? कापून बघू या."

कापून! माझं उरलंसुरलं अवसान गळालं.

"अगं, तुझंच लेकरू ते. आईच संशय घेते?"

"आईनेच घ्यायचा असतो, सार."

"त्यापेक्षा एक्स-रे काढू."

"तिथे तीन आठवड्यांची रांग आहे. दुसरा ब्रॅकेट सोमवारी जाणार."

सोमवारी. म्हणजे भाऊ पेटीत बंद होऊन निघणार. वर गेल्यावर त्याचा पाय मोडला, तर खालून कुणाचा हात पोहोचणार? आता मला करवतीपेक्षा त्या सहीची जास्त धास्ती वाटू लागली.

"ही ऑर्डर हातची गेली, तर आपल्यासारख्या बारक्यांना परत कोणी दारात उभं करणार नाही," शिवलिंगय्या हळूच म्हणाले.

"आणि वर मोडला, तर सगळ्या पीण्यालाच करणार नाही."

साडेदहा वाजून गेले. मग शिवलिंगय्यांनी तिच्या हातातलं पेन काढून खिशाला लावलं. "एकच काप. त्यात काही दिसलं नाही, तर मुकाट्याने सही करायची."

आता मी कापायच्या यंत्रात आवळलेला आहे. पुट्टस्वामीने उजव्या पायावर लाल रेघ मारली होती. हेमावतीने ती अंगठ्याने पुसली. "डावा घ्या. ताण तिकडे जास्त येतो." तिने नवी रेघ ओढली.

जवळ आली पोरगी! पण भेग त्या रेघेपासून अजून तांदळाच्या दाण्याएवढी दूर आहे. तेवढ्याने चुकली, तर काप स्वच्छ दिसेल, सही होईल आणि भाऊ जाईल.

यंत्र सुरू झालंय. मी थरथरतोय, त्यांना वाटतंय मोटरमुळे. भीती गेलेली नाही माझी. तरी एवढंच मागतो. कापा मला, पण जरा डावीकडे. हेमावती, अजून जरा डावीकडे.