हापशाची जागा

भारत ओव्हाळनं बापाचं घर दुरुस्तीला काढलं, तेव्हा सिरसाळ्याच्या पट्ट्यात पावसानं सलग तिसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. माणसं घागरभर पाण्यासाठी वणवण हिंडत होती आणि हा गडी भिंतींना गिलावा चढवत होता. गिलाव्याचं पाणी तो विकतच्या टँकरनं आणत होता, कुणाच्या तोंडचं ओढून घेत नव्हता, हे खरं. पण तहानलेल्या माणसाला भिंत पाणी पिताना दिसली की ते डोळ्यांत खुपतंच. भीमनगरातलं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वस्तीतलं, कुणी तोंडावर काही बोललं नाही. आश्रुबाचा पोरगा, मोठा साहेब झालेला, म्हणून गप्प बसले.

साहेब तसा वाईट नव्हता. औरंगाबादला विमा कंपनीत उभा जन्म काढला, पोरी शिकवल्या, फ्लॅट घेतला. फ्लॅट नेमका हमरस्त्याला लागून. ट्रकचे हॉर्न ऐकून ऐकून बीपी मागं लागलं, झोपेची गोळी आली, आणि रिटायर झाल्यावर डॉक्टर म्हणाले, शांत जागी राहायला जा. त्याला बापाचं माळवदाचं घर आठवलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही उगीच नाही. खेड्यात शांतता असते असं ज्याला वाटतं, त्यानं खेड्यात चार दिवस मुक्काम करून बघावा. बायको केशर त्याला तेव्हाच म्हणाली होती की तुम्हाला गाव आठवतंय ते सुट्टीतलं. ती पोरीकडं राहिली आणि हा एकटाच आला.

घर मात्र त्यानं हौसेनं केलं. वाळवी लागलेल्या तुळया काढून सागवानी घातल्या. माळवदावर नवी पांढरी माती टाकून ती नीट चोपून घेतली. खाली फरशी आली, खिडक्यांना जाड काच आली. कोंबडे, शेळ्या, देवळातला भोंगा, विहारातली वंदना, पिठाच्या गिरणीची टुकटुक, ट्रॅक्टरवरची गाणी, सगळं त्या काचेनं निम्मं झालं आणि उरलेलं त्यानं कसंबसं पचवलं.

हापसा काही पचेना. तो अंगणातच होता, निजायच्या खोलीच्या खिडकीला अगदी खेटून. दांडा खाली गेला की खट्, वर आला की कीर्र. उजाडायच्या आधी सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. त्यात हंड्यांचा खणखणाट, बायांची वादावादी, आणि त्या सगळ्यावर भिमानानीचा आवाज.

भिमाबाई ही भारतची चुलती, भिंतीपलीकडंच राहायची. सत्तरी ओलांडली होती, पण आवाज पितळी. हातात तुराटी घेऊन ती हापशाजवळच्या दगडावर बसायची आणि नंबर लावायची. ज्याचं भांडं आधी, त्याचं पाणी आधी. कोण कुणाची सून आणि कोण कुणाची जाऊ, हे तिच्यापुढं चालायचं नाही. त्या साली वरच्या आळीतले सगळे बोअर आटले आणि तिथल्या बायाही घागरी घेऊन भीमनगरात येऊ लागल्या. गावच्या दूध संस्थेचे चेअरमन सर्जेराव, त्यांची सूनही आली. आल्या आल्या तिनं आपली घागर पुढं सरकवली. नानीनं ती तुराटीनं मागं सारली आणि जागा दाखवली. सून गुमान मागं गेली आणि आश्रुबाच्या ओट्यावर टेकली. ही हकिकत भीमनगरात पुष्कळ दिवस चवीनं सांगितली गेली. ती सर्जेरावांच्याही कानावर गेली असणारच.

या हापशासाठी आश्रुबानं घराची एक खोली पाडली होती. बहात्तरच्या दुष्काळाआधी भीमनगरच्या बायांनी गावच्या आडावर चढायचं नसे. कट्ट्याखाली घागर मांडीवर घेऊन ताटकळत बसायचं, वरून कुणाला दया आली तर ती ओतायची. दुष्काळ पडला तसा आश्रुबा तहसीलवर जाऊन बसला, बसून बसून बोअरची गाडी मिळवली. गाडी आली, पण वस्तीत तिला उभं राहायला जागा कुठली? आश्रुबानं घरी येऊन कडेची खोली पाडायला घेतली. शेजारी येईपर्यंत एक भिंत खाली आली होती. तिथं बोअर घेतला, पाणी लागलं, आणि त्यानंतर वस्तीतली एकही बाई आडाकडं फिरकली नाही. भारत त्या वेळी औरंगाबादला बोर्डिंगात शिकत होता. सुट्टीला आला तेव्हा अंगणात हापसा उभा होता. बापानं केलेलं त्याला पाठ होतं, पण ऐकलेल्या गोष्टीसारखं पाठ होतं.

घर पुरं होत आलं, तेव्हा सर्जेराव बघायला आले. तुळयांवरून हात फिरवला, माळवदाचं कौतुक केलं, ओट्यावर बसून चहा घेतला. चेअरमन आपल्या घरी चहा प्यायले याचं भारतला बरं वाटलं. एवढं बरं वाटू नये असंही त्याला वाटलं, तरी वाटलंच. मग खट्‌कीर्र सुरू झालं आणि सर्जेरावांनी विषय काढला. या वयात नानीसारख्या बायांनी हापसून हात मोडून घ्यायचे का, संस्था बोअरमध्ये मोटार टाकते, पाईप डेअरीवरच्या टाकीला नेते, सकाळ-संध्याकाळ नळाला पाणी, एक रुपया कुणाला मागत नाही. भारतचं अंगण मोकळं होईल, वडिलांनी पाडलेली खोली परत उभी करता येईल.

"सोय समद्यायची व्हईल साहेब," ते म्हणाले, "अन् तुमाला झोप लागंल."

भारतनं नानीला विचारलं. खरं म्हणजे सांगितलंच, विचारल्यासारखं करून. नानी म्हणाली, "मोटार कावून पायजे? हात हायेत की." भारत मनात हसला. म्हातारीला दगड सुटायचं दुःख आहे, तुराटी सुटायचं दुःख आहे, असं त्याला वाटलं. बायांचे कष्ट वाचतील असंही वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं. झोपेची हाव मनात असली की माणसाला परोपकार फार लवकर सुचतो. अंगण त्याचं, शब्द त्याचा. त्यानं हो म्हटलं.

हापसा निघाला, मोटार बसली. हापशाच्या लोखंडी पाईपांचा वेल्डरनं माळवदावर जायच्या जिन्याला कठडा करून दिला. हापशाचं डोकं आणि दांडा भारतनं हिरव्या रंगानं रंगवला आणि ओट्यावर ठेवला, वर मनीप्लँटची कुंडी. वडिलांची आठवण, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. आणि मग लहान लेकरासारखा झोपला. अंगणात चिटपाखरू नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो असा.

त्याच्या घरी विकतचा टँकर येत होता, त्यामुळं डेअरीवर काय चाललंय ते त्याला कळायला वेळ लागला. टाकी संस्थेच्या आवारात, नळ संस्थेचे, वीज संस्थेची. पाणी आधी सभासदांच्या जनावरांना, मग सभासदांच्या घरांना, उरलं तर बाकीच्यांना. सभासद कोण? संस्थेला दूध घालणारा. भीमनगरात रानच नाही कुणाला, तर गोठा कुठून असणार. जात कुणी काढली नाही, वाकडा शब्द कुणी बोललं नाही. नियम होता तेवढाच.

एका सकाळी दूध आणायला भारत स्वतः डेअरीवर गेला. टाकीच्या कट्ट्यावर वरच्या आळीतल्या बाया पाणी भरत होत्या. खाली, उन्हात, भीमनगरच्या बाया बसल्या होत्या. त्यांच्यात भिमानानी. तुराटी नव्हती, घागर मांडीवर. सर्जेरावांच्या सुनेची घागर भरली, तिचं नानीकडं लक्ष गेलं. पोरगी वाईट नव्हती. "नानी, धरा," म्हणून तिनं वरूनच आपल्या घागरीतलं थोडं पाणी ओतलं. नानीनं घागर वर धरली. धरताना तिनं मान खाली घातली होती.

भारत दूध न घेताच माघारी फिरला. घरापर्यंत त्याला कुणाच्या नजरेला नजर देता येईना. त्याला स्वतःची शरम वाटली, इतकी की नव्या फरशीवर पाय ठेवायलाही नको वाटलं.

दुपारी तो सर्जेरावांकडं गेला. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि फार सालसपणे म्हणाले, "साहेब, नियम संस्थेचा हाय. माझ्या एकट्याच्या हातात काय हाय? वार्षिक सभंला मांडू की." सभेत बोलायला सभासद लागतो, हे सांगायची त्यांना गरज पडली नाही. चहा भारतनं तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फरशीवर बसला असताना त्याला खालून बारीक गुणगुण जाणवली. कानाला ऐकू येत नव्हती, तळपायाला कळत होती. बापाच्या घराखालून पाणी वरच्या आळीला चाललं होतं. एवढे दिवस ही गुणगुण चालू होती आणि ती त्याला शांतता वाटत होती. तो उठला, नानीच्या दारामागची कुऱ्हाड घेतली आणि अंगणात बोअरमधून वर आलेल्या पाईपावर घातली.

तिसऱ्या घावाला पाईप फुटला. पाणी पुरुषभर उडालं. भारत नखशिखांत भिजला आणि ओरडला, "नानी, भांडी आणा." बोळाबोळातून बाया पळत आल्या. हंडे, घागरी, बादल्या, रंगाचे डबे. तोच खणखणाट, तीच ढकलाढकली, खिडकीच्या जाड काचेवर पाण्याचे सपकारे. नानी तुराटी घेऊनच आली आणि नंबर लावू लागली. भारत मधोमध उभा राहून हसत होता. आपण बापासारखं काहीतरी केलं, असं त्याला घडीभर वाटलं.

मग धार खाली आली. हातभर झाली, वीतभर झाली, आणि गुळणी टाकावी तसं थोडं पाणी सोडून बंद पडली. डेअरीवर कुणीतरी मोटार बंद केली होती. अंगणात चिखल, बायांच्या हातात अर्ध्या घागरी. सगळ्या भारतकडं बघत होत्या.

नानी म्हणाली, "बटन तिकडं हाय, बाबा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं भारतला वाटलं. तो ओट्यावर गेला, मनीप्लँटची कुंडी उचलून बाजूला फेकली आणि हापशाचं हिरवं डोकं ओढत अंगणात आणलं. मग घण घेऊन जिन्याचा कठडा ठोकायला लागला. पहिला पाईप निघाला तेव्हा नानीनं पाईपाचं तोंड बोटानं चाचपलं. वेल्डिंगनं आटे गेले होते, जोडाला जोड बसणार नव्हता. भारत म्हणाला, नवे आणीन. नानीनं विचारलं, अन् आतली मोटार कोण काढणार, ती बी संस्थेची. त्यानं दुसऱ्या पाईपावर घण घातला. लोखंडाचा आवाज वरच्या आळीपर्यंत जात होता.

मग नानीनं आपली अर्धी घागर उचलली, जिथं हापसा होता त्या जागी नेऊन ठेवली, आणि दगडावर जाऊन बसली. तिच्यामागं एकीनं हंडा ठेवला. त्यामागं दुसरीनं बादली.

"नंबर कुणी मोडायचा न्हाई," नानी म्हणाली.

भारतनं ते ऐकलं, पण मागं वळून बघायचा धीर त्याला झाला नाही. तो ठोकत राहिला.