प्रवासास योग्य

ऑपरेशन झाल्यापासून आईला जग फक्त गुडघ्याखालचं दिसत होतं. उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. डॉक्टरांनी तो परत बसवला आणि चिकटून राहावा म्हणून डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला. बुडबुडा नेहमी वर चढतो आणि पडदा असतो डोळ्याच्या मागच्या बाजूला. म्हणून आईने मान खाली घालून राहायचं: जेवताना, बसताना आणि झोपायचं तेही पालथं. माणसं ती पायांवरून ओळखू लागली. जन्मभर शिवणकाम केलेली बाई, त्यामुळे कुणाची तुरपाई कुठे उसवलीय हे तिच्या नजरेतून सुटत नसे. शेजारणी भेटायला यायच्या आणि जाताना आपापले काठ तपासत जायच्या.

हॉस्पिटलने तिच्या मनगटावर हिरवा पट्टा बांधला होता. त्यावर छापलं होतं: ‘डोळ्यात वायू आहे. विमानप्रवास करू नये. दृष्टी जाऊ शकते.’

आणि नेमका विमानप्रवासच ठरलेला होता. थोरलीचे दिवस भरत आले होते. ती राहायची विमानाने पाच तास दूर, आणि आईने शिलाईच्या पैशातून तिकीट कधीच काढून ठेवलं होतं. आता ते रद्द करायचं, पैसे परत घ्यायचे आणि बुडबुडा विरला की त्याच पैशात नवं काढायचं. धाकटीच्या मते हे चहा गार व्हायच्या आत उरकणारं काम होतं.

धाकटी दाबमापकं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. सिलिंडरवरच्या तबकडीचा काटा खरं बोलतो की थापा मारतो, हे दिवसभर बघायचं. त्यामुळे काटा आणि माणूस यांत ती काट्याला जास्त मान द्यायची, आणि माणसांना तो मान का देत नाही, हे सांगायलाही मागेपुढे पाहत नसे.

“तुमची अडचण मी समजू शकते, मॅडम,” विमान कंपनीची मुलगी फोनवर म्हणाली. “वैद्यकीय कारणाने रिफंड मिळतो. फक्त डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाठवा.”

डोळ्यांचे डॉक्टर हे स्वतःच्या हस्तकौशल्यावर प्रेम करणारे गृहस्थ होते. त्यांच्या भिंतीवर त्यांचेच फोटो होते आणि एका फोटोत ते दुसऱ्या फोटोकडे बघत होते. त्यांनी झोकात लिहिलं: ‘शस्त्रक्रिया अत्यंत यशस्वी. रुग्णाची प्रकृती उत्तम.’ आणि तळाशी, पेनातली शाई संपत आल्यासारखं: ‘शक्यतो विमानप्रवास टाळावा.’

“डॉक्टर, ‘शक्यतो’ काढा. आणि ते ‘उत्तम’सुद्धा.”

“उत्तम काढू?” डॉक्टर दुखावले. “मग लोकांना वाटेल, मी काहीतरी बिघडवून ठेवलंय.”

“लोक नाही वाचणार. विमानवाले वाचणार.”

“ते लोकच असतात,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

विमानवाल्यांनी वाचलं. त्यांच्या मेडिकल डेस्कचं उत्तर आलं: ‘प्रकृती उत्तम असल्याचे आपल्याच डॉक्टरांनी नमूद केले आहे. प्रवासी प्रवासास योग्य आहे. परतावा देता येत नाही.’

धाकटीने उलट टपाली पत्र धाडलं. उंचीवर विमानातला दाब किती उतरतो, दाब उतरला की वायू किती पसरतो, पसरायला जागा नसली की डोळ्यातल्या नसेचं काय होतं, सगळं आलेखासकट. तीच तीन वाक्यं परत आली. तिने विचारलं, तुमच्या डॉक्टरांनी डोळा हा अवयव कधी पाहिला आहे का, निदान आरशात? त्यावर उत्तर आलं: ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.’

खरा घोटाळा घरात झाला. ही पत्रं धाकटी मोठ्याने, नाक फेंदारून वाचून दाखवायची. आईने त्यातलं तिला हवं तेवढंच उचललं.

“त्यांचा डॉक्टर म्हणतोय ना, योग्य आहे?” आई फरशीकडे बघत म्हणाली. “मग जाते मी. तिकीट पाण्यात कशाला घालायचं? मान खाली घालून इथे बसते, तशी तिथे बसेन.”

“आई, त्याला काही अक्कल आहे का? वर गेल्यावर दाब कमी होतो, म्हणजे आकारमान...”

“तुझा दाब तुझ्या ऑफिसात ठेव. पोरगी तिकडे एकटी आहे.”

“डोळा जाईल.”

“दुसरा आहे की.”

आणि आईने पालथ्या पालथ्या बॅग भरायला घेतली. तान्ह्या बाळाची झबली, दुपटी, टोपडी. टोपड्यांच्या नाड्या तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या.

धाकटीने कंपनीचे नियम पुन्हा चाळले आणि तिला एक फट सापडली. प्रवाशाला वैद्यकीय कारणाने काउंटरवरून कंपनीनेच परत पाठवलं, तर पूर्ण पैसे परत. बस्स! आईला काउंटरवर उभं करायचं, पट्टा दाखवायचा, ते घाबरून नाही म्हणणार. हा पट्टा वाचून आईला विमानात चढवण्याइतका मूर्ख कोण असेल? आईला यातलं काही न सांगता ती म्हणाली, “चल, सोडते तुला.” आईला वाटलं, पोरगी अखेर नमली.

काउंटरवर एक तरणाबांड अधिकारी होता, कडक इस्त्रीचा. धाकटीने आईचं मनगट उचलून त्याच्या नाकापुढे धरलं. त्याने पट्टा वाचला. सगळा वाचला, ओठ हलत होते. मग त्याने कीबोर्ड बडवला.

“मेडिकल डेस्कने क्लिअर केलंय, मॅडम.”

“तुम्ही आत्ता काय वाचलंत?”

“वाचलं ना. पण सिस्टीममध्ये योग्य दाखवतंय.” त्याने बोर्डिंग पास छापला. “खिडकी देऊ का, आजी?”

“दे बाबा. कुठलीही दे. मला बूटच दिसणार.”

आई पास घेऊन झपाझप निघालीसुद्धा. धाकटी जागच्या जागी थिजली. कंपनीच्या मूर्खपणाचा अंदाज बांधताना तिने चक्क सौजन्य दाखवलं होतं, आणि त्याची किंमत आईचा डोळा देणार होता. तोंडात जमलेले सगळे जहरी शब्द आता कवडीच्या कामाचे नव्हते.

ती धावली. तपासणीच्या रांगेत आईला गाठलं आणि काही न सुचून तिच्या पुढ्यात फरशीवरच मांडी घालून बसली. मागचे लोक चुकचुकले. आईला कितीतरी दिवसांनी धाकटीचा चेहरा दिसला.

“अगं, किती वाळलीस! आणि रडतेयस कशाला?”

“आई, मागच्या खेपेला विमानात वेफर्सचं पाकीट नेलं होतंस. आठवतं?”

“आठवतं तर. उशीसारखं फुगलं होतं. नुसती हवा भरून विकतात मेले.”

“इथून नेलं तेव्हा सपाट होतं. वर गेल्यावर फुगलं. तुझ्या डोळ्यात तेच पाकीट बसवलंय. आणि डोळ्याला फुगता येत नाही.”

रांग दोघींना वळसा घालून पुढे सरकू लागली.

“आणि एका डोळ्याने सुईत दोरा ओवून बघितलायस?”

“बघितला,” आई हळूच म्हणाली. “टोपड्याच्या नाड्या म्हणून तर राहिल्या. दोरा कधी अलीकडे, कधी पलीकडे.” मग तिने विचारलं: “पाकिटाचं आधी का नाही सांगितलंस?”

“रोज सांगत होते!”

“रोज उभी राहून भाषण झाडत होतीस. मला कळेना, मला बोलतेयस की त्या विमानवाल्यांना.”

धाकटी डोळे पुसत फरशीवरून उठली.

आई वळली, बुटांच्या गर्दीतून वाट काढत काउंटरवर आली.

“बाळा, तुझ्या पँटची तुरपाई उसवलीय, डाव्या पायाची. मघाशी सांगायचं राहिलं. आता एक कर. ‘पट्टा वाचला, तरी बाईंना विमानात बसवतो आहे,’ एवढं लिहून खाली सही दे. मग मी जाते.”

“तसं लिहून देता येत नाही, आजी.”

“का रे? मी योग्य आहे ना?”

“योग्य आहात हो, पण...”

“मग लिही.”

अधिकाऱ्याने पट्ट्याकडे पाहिलं, मग आपल्या पेनाकडे. आपलं नाव खाली येणार म्हटल्यावर त्याला तो मजकूर प्रथमच समजला असावा. त्याने कुणाला तरी फोन लावला, आवाज खाली आणून बोलला, पास परत घेतला आणि लिहिलं: ‘वैद्यकीय कारणास्तव प्रवास नाकारला.’ याखाली मात्र त्याने सही ठोकली, लांबलचक, शेपटीसकट.

घरी येऊन धाकटीने मेडिकल डेस्कचं ‘योग्य’ आणि काउंटरचं ‘नाकारला’ एकत्र जोडली. एकाच कंपनीची दोन्ही पत्रं, एकाच चिन्हाची. वर तिने एक झणझणीत परिच्छेद लिहिला होता.

“तो काढ,” आई म्हणाली.

“चांगला जमलाय गं.”

“म्हणूनच काढ.”

पैसे आले, तेही मुकाट्याने. माफीचा शब्द नव्हता. त्याऐवजी ‘आपला प्रवास कसा झाला?’ अशी विचारणा होती, खाली पाच तारे रंगवायला. पुढल्या तपासणीत डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि स्वतःला पुन्हा एकदा ‘उत्तम’ दिलं. या खेपेला ते खरं होतं.

बाळ झालं तेव्हा आई पोचली नव्हती. ती गेली बुडबुडा पुरता विरल्यावर, मनगटावरचा पट्टा कापून, टोपड्यांना नाड्या लावून. निघताना तिने वेफर्सचं एक पाकीट विकत घेतलं. विमानात ते फोडलं नाही. उतरेपर्यंत मांडीवर ठेवून, दोन्ही डोळ्यांनी, ते फुगताना आणि मग हळूहळू बसताना बघत राहिली.