उधाणाची पाळी

माझा धाकटा दीर जितेश म्हणजे चुलीवरचं दूध. जरा नजर हटली की उतू गेलाच. वालीवच्या कारखान्यात लागला, तर सुपरवायझर काहीतरी बोलला म्हणून हातातला पाना फेकून घरी आला. अशा माणसाला शेजारच्या बळीरामकाकांची रीमा आवडावी, आणि तिलाही हाच आवडावा! प्रेम आंधळं असतं म्हणतात. मला तर ते बहिरंही वाटतं.

काका एकदा तोंडावरच म्हणाले, "ज्याला बांधावर बसवत नाय, त्याला पोरगी कशी देऊ?"

आमची सगळ्यांची भातशेती खाडीच्या कडेला. मधे मातीचा बांध, बांधात उघाडी, म्हणजे खारं पाणी अडवणारं लाकडी दार. उधाणाच्या दिवसांत घराघरानं पाळीपाळीनं तिच्यावर राखण करायची, ही जुनी रीत. जितेशनं कोजागिरीची पाळी मागून घेतली. काकांनी नुसती मान डोलावली, पण डोलावली.

नेमकं त्याच दिवशी मनवेलपाड्याचे फ्लॅटवाले रीमाला बघायला आले. काकांच्या बहिणीनं आणलेलं स्थळ, नाही म्हणता आलं नाही. सकाळीच रीमानं मला विहिरीवर गाठलं. "वयनी, त्याला सांग, तू फक्त उघाडी सांभाळ. बाकी मी बघते."

मी बांधावर जाऊन निरोप दिला. जितेश येरझाऱ्या घालत होता.

"बघते म्हंजे काय बघते? गाडीनं आले काय ते?"

"गाडीनं येऊ देत नाहीतर घोड्यावरून. तू बस गप."

बसला. उठला. भरती चढत होती, लाटा दारावर आपटत होत्या. काकांच्या घराकडून हसण्याचा आवाज आला, आणि याचा चेहराच पालटला.

"पानी शिरलं तर सगळे धावत येतील ना? बैठक मोडंल."

"अरे, भात पिकलंय! पहिलं शेत काकांचंच आहे."

"थोडंसंच सोडतो, लगेच लावतो."

मी त्याचा दंड धरला. त्यानं मला झिडकारलं आणि दार उचललं.

उधाणाला थोडंसं कळत नाही. पाणी लोंब्यांवरून सरकत गेलं. जितेश लगेच खाली उतरला, छातीभर पाण्यात दार दाबू लागला, तळहात सोलून निघाले. दार बसेना. मला त्याचा संताप आला आणि रडूही आलं.

तेवढ्यात रीमा धावत आली, तोंडावर पदर धरून हसत. "वयनी, गेले ते! चहात मूठभर मीठ घातलं मी. पोराची आई अंगणातच थुंकली!"

मग तिनं शेत पाहिलं.

मागून काका आले. एक लोंबी उपटून त्यांनी जिभेला लावली आणि मटकन बांधावर बसले. "आता दोन-तीन पावसाळे काय उगवत नाय हितं," एवढंच म्हणाले. शिव्या देतील म्हणून मी वाट बघत होते. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रीमा, एकदा बघ माझ्याकडं," जितेश पाण्यातून ओरडला. दार अजून दाबतच होता.

तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वाकून तिनं काकांना दंडाला धरून उठवलं.

"बाबा, पाहुणे नाक्यावर रिक्षाची वाट बघत असतील. बोलवा त्यांना परत. मी दुसरा चहा ठेवते."