मधला स्पीकर

घरात त्याला सगळे ‘दिग्दर्शक’ म्हणत. आई कौतुकाने म्हणायची, बाकीचे टोमणा म्हणून. आई गेली तशी कौतुकाची बाजू कोरी पडली. टोमण्याची मात्र बिनबोभाट चालू राहिली.

त्याच्या एकुलत्या एका सिनेमाची नायिका आईच होती. घरची नायिका रुसत नाही आणि चहाही तीच करते. शेवटच्या प्रसंगात तिने खिडकीबाहेर बघत गप्प उभं राहायचं होतं. पण ती वळली आणि कॅमेऱ्यामागे दिवा धरून ताटकळलेल्या नवऱ्याला म्हणाली, “अहो, हात दुखला असेल, बसा आता.” ते त्याने तसंच ठेवलं. सिनेमाभरात तेवढंच वाक्य खरं उतरलंय, हे न कळण्याइतका तो वाईट दिग्दर्शक नव्हता.

आई गेल्यापासून बाबा मागे लागले होते. “अरे, एकदा लाव की. तिचा आवाज ऐकू दे.”

“बाबा, सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायचा. कॉम्प्युटरवर बघणं म्हणजे जेवणाचा फोटो चाटणं.”

साउंडवाल्या मित्राने बजावलं होतं, “साध्या दोन स्पीकरची एक कॉपी काढून ठेव. छोट्या हॉलमध्ये मधला स्पीकर नसतो, आणि आपल्या सिनेमातलं सगळं बोलणं मधल्यातच आहे.”

“माझा सिनेमा असल्या गोडाऊनमध्ये लागायचा नाही,” हा ऐटीत म्हणाला होता.

मोठ्या महोत्सवांचे नकार रांगेने आले. शेवटी गोडाऊनच तेवढं उरलं, तोवर मित्राचा सल्ला विसरून गेला होता.

एका छोट्या महोत्सवासाठी घेतलेला, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. प्रेक्षक म्हणजे बाकीचे दिग्दर्शकच. तू माझा बघ, मी तुझा बघतो, असा रोखठोक व्यवहार. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, नवं श्रवणयंत्र कानात बसवून पहिल्या रांगेत होते.

दिवे गेले. नळ टपकला, भांडं वाजलं, चपला फरफटल्या. मग आई बोलू लागली, आणि तिचे ओठ नुसतेच हलले.

मित्राचा मधला स्पीकर त्याला आत्ता आठवला. तो अर्धा उठला. ‘थांबवा’ म्हणायचाच अवकाश होता. लॅपटॉप पिशवीत होता, आवाज तिथल्या तिथे जुळवता आला असता. तेवढ्यात मागून परीक्षकबाई शेजाऱ्याला कुजबुजल्या, “बाईला आवाजच दिला नाहीये! काय धाडस आहे!”

अर्धा उठलेला तो सबंध बसला.

बाबांनी यंत्र काढलं, फुंकलं, गुडघ्यावर आपटलं, पुन्हा लावलं. ते शिट्टीसारखं वाजलं तशी कुणीतरी “शू!” केलं. पडद्यावर आई वळली. ओठ उघडले, मिटले. बाबांनी हाकेला ओ द्यावी तशी मान वर केली, आणि ती तशीच राहिली.

टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. परीक्षकबाई जातीने भेटल्या. “मोठ्या महोत्सवाला मी शिफारस करते. पण हीच कॉपी हं! काही बदलू नका.”

“छे, छे. मौन हीच माझी भाषा आहे,” तो म्हणाला. वाक्य इतकं झटकन आलं, की जणू वर्षभर जिभेखाली दबा धरून बसलं होतं.

जिन्यात बाबा कठड्याला धरून थांबले.

“नळ ऐकू आला रे. भांडी ऐकू आली. तिचाच आवाज तेवढा आला नाही. डॉक्टर म्हणालेच होते, बारीक आवाज आधी जातात.” मग हळूच विचारलं, “लोकांना आला ना? ‘अहो’ म्हणाली ना ती?”

मागून परीक्षकबाई चारचौघांसह उतरत होत्या. त्यांच्या टाचा प्रत्येक पायरीवर खाडखाड वाजत जवळ येत होत्या.

“हो बाबा,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “सगळ्यांना आला.”

बाबांना तेही ऐकू गेलं नाही. त्याने मान हलवून दाखवली.

“मग झालं.” बाबांनी यंत्र डबीत ठेवलं आणि झाकण दाबून लावलं. “आता घरी लावू नकोस हं. उगाच तिचे ओठ बघत बसायचं.”