पॅकहाऊसमधला ‘हाऊस’

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. माझं नाव ‘हाऊस’. सध्या मुक्काम निफाडजवळ, सोमनाथच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये.

माझं माहेर युरोपात. जर्मन लोक मला ‘हाउस’ म्हणतात, स्वीडनमध्ये मी ‘हूस’. जुने इंग्रजही हूसच म्हणत. नवऱ्यासाठीचा इंग्रजी शब्द ‘हजबंड’ माझ्याच पोटचा, त्याचा मूळ अर्थ घरधनी. गॉथिक नावाच्या फार जुन्या भाषेत तर मी फक्त देवळासाठीच्या शब्दात सापडतो. माझं मूळ मात्र नक्की कुणालाच ठाऊक नाही. काही पंडित म्हणतात, ‘झाकणे’ अशा अर्थाच्या शब्दाशी माझं नातं असावं. मला ते फार आवडतं. त्याचा थोडा तोराही होता.

इथे सुरगाण्याहून हंगामापुरत्या कामाला आलेल्या बाया द्राक्षं निवडून खोक्यांत भरतात. नवसाबाईची कात्री तर बघत राहावी. घडातला खराब मणी ती अलगद उडवते, शेजारच्या मण्याला धक्काही लागत नाही. शब्दाला हात नसतात, म्हणून अशा हातांसाठी मी झुरतो. द्राक्षांना इथे गारवा आणि पक्कं छप्पर. बायांना बांधावर प्लॅस्टिकची पालं. हे मला कधी खटकलं नव्हतं, याची आज लाज वाटते.

यंदा फेब्रुवारीत भरदुपारी अवकाळी पाऊस कोसळला. नवसाबाई तापलेली पोर छातीशी धरून दारात, सोमनाथच्या बायकोपुढे, शुभांगीपुढे आली.

“ताई, पाल गळतंय. हिला जरा कोरड्यात निजवू दे.”

सोमनाथ अडला. “उद्या तपासणीवाले येणार. आत बिऱ्हाडं दिसली तर माल घ्यायचे नाय.”

शुभांगी सरळ खोक्यांच्या खोलीत गेली. कोऱ्या खोक्यांचा एक गठ्ठा तिने डोक्यावर घेतला.

“खोकी आपल्या घरात ठेवू. ह्या खोलीत माणसं राहतील. तपासणीवाल्यांनी इचारलं तर मी सांगते.”

मग सोमनाथनेही एक गठ्ठा उचलला. संध्याकाळपर्यंत पालांतली सगळी बिऱ्हाडं आत आली. पहाटे पोरीला घाम फुटला आणि ताप उतरला.

तपासणीवाल्यांनी बिऱ्हाडांचं विचारलं, तेव्हा शुभांगीने पाऊस आणि पोरीचा ताप सांगितला. माल पास झाला. कागदावर एक शेरा मात्र बसला: खोकी जागेवर नाहीत, ती परत आणावीत. सोमनाथने तो नीट वाचला, खाली सही केली आणि खोकी काही परत आणली नाहीत.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर एवढंच करा. ज्याचं छप्पर गळतंय, त्याला आधी आत घ्या.